मंडईत न मिळणारी भाजी

पहिल्या भेटीत बहुतेक घरांत माझ्या हातात एकच यादी पडते. टोमॅटो, सिमला मिरची, फ्लॉवर, कोबी आणि जमलं तर ब्रोकोली. यादी वाचून मी ती पर्समध्ये टाकते आणि विचारते, "ऊन कुठून कुठपर्यंत येतं?" पुण्यात लोकांच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत भाजी लावून द्यायची, मग पंधरा-पंधरा दिवसांनी जाऊन बघायचं, हा माझा व्यवसाय. कोथरूड, सहकारनगर, औंध आणि अलीकडे बाणेर-बालेवाडी. कुणी बागवाल्या ताई म्हणतं, कुणी मॅडम. एका सोसायटीतले वॉचमनमामा रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे ‘माळीण’ लिहितात. मला तेच सगळ्यांत बरोबर वाटतं.

यादीतल्या भाज्या गच्चीवर येत नाहीत असं नाही, येतात. पण फ्लॉवरचं एक रोप दीड फूट जागा अडीच-तीन महिने अडवून बसतं आणि शेवटी एक गड्डा देतं. तो एका संध्याकाळी संपतो. त्याच थंडीत मंडईत फ्लॉवरचे ढीग लागलेले असतात. पुरंदरचा, खेडचा, जुन्नरचा शेतकरी जी भाजी एकराएकराने पिकवतो, तिच्याशी आपण चार क्रेटांच्या जिवावर स्पर्धा करू नये, असं मी स्पष्ट सांगते. काहींना ते आवडत नाही. कोथरूडचे एक निवृत्त इंजिनिअर काका तर हिशेबाची वहीच उघडून बसायचे. कोथिंबिरीच्या जुडीमागे पाणी किती, खत किती, माझी फी किती. त्यांचं गणित बरोबर होतं, त्यांची जुडी मंडईपेक्षा महागच पडत होती. मी म्हटलं, "काका, मग कोथिंबीर जुडीने काढूच नका. आमटी उकळायला लागली की वर जा आणि चार काड्या खुडून आणा." वही बंद झाली असं नाही, पण त्यात ‘जुडी’चा रकाना राहिला नाही.

तेव्हा लावायचं काय? जे मंडईत मिळत नाही ते, किंवा मिळतं पण घरी येईपर्यंत मान टाकतं ते. मायाळू, अंबाडी, चाकवत, चुका, राजगिऱ्याची कोवळी पानं, घोळ. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, पानओवा. भज्यांपुरती दोन घोसाळी. शेवग्याचा पाला. मायाळूचा एक वेल गच्चीच्या कठड्यावर सोडला की पावसाळाभर भज्यांची सोय होते, आणि त्याची कोवळी पानं बाजारात कुणी जुडी बांधून विकत नाही, कारण तासाभरात ती लोळतात.

वांग्याला मात्र माझी सूट आहे. हडपसरपलीकडच्या मांजरी गावाचं नाव लागलेलं मांजरी गोटा हे मोठं, गोल, जांभळट अंगावर पांढऱ्या रेघा असलेलं आणि देठाला काटे असलेलं वांगं मोठ्या ड्रममध्ये छान येतं. बहर ओसरला की छाटून खोडवा घेता येतो, एक झाड वर्षाच्या पुढेही चालतं. शेंडा अचानक मान टाकायला लागला तर आत अळी आहे असं समजायचं. तो शेंडा दोन बोटं खालून कापायचा आणि पिशवीत गच्च बांधून कचऱ्यात द्यायचा. औषध मारत बसायचं नाही. याच मांजरीत जोतीराव फुल्यांची शेती होती. शनिवारवाड्यासमोरचा भाजीबाजार हलवून नवी मंडई बांधायचं घाटत होतं तेव्हा, इमारतीवर एवढा खर्च कशाला, तो पैसा शिक्षणावर करा, असं नगरपालिकेत सांगणारे सदस्यही तेच. इमारत १८८६ साली उभी राहिलीच, आणि पुढे तिला नाव मिळालं ते फुल्यांचंच. मांजरी गोट्याचं बी देताना ही गोष्ट मी सांगते. पुणेकरांना भाजीबरोबर इतिहास दिला की फीबद्दल घासाघीस कमी होते.

तर ऊन. माती कोणती, खत कोणतं, पाणी किती, हे सगळे विचारतात, ऊन कुणी विचारत नाही. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोलकर, गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवाराचे प्रवर्तक, आयुष्यभर हेच सांगत राहिले की शेती म्हणजे सूर्यप्रकाश पानांत साठवणं. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेला असतो आणि बाकीचं वर्षभर दक्षिणेला. म्हणून उत्तरेच्या बाल्कनीत मे महिन्यातलं झगझगीत ऊन बघून कुणी टोमॅटो लावले, तर गणपतीनंतर ती बाल्कनी सावलीत जाते आणि झाडं नुसतीच उंच होतात. अशा ठिकाणी अळू, पुदिना, पालक, आलं, पानओवा लावावा. फळभाजीला दक्षिण किंवा पश्चिम लागते, आणि एप्रिल-मेमध्ये तिच्यावर हिरवी जाळी.

दुसरा प्रश्न वजनाचा. हा तर कुणाच्याच मनात नसतो. ओल्या मातीचा सहा इंचांचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातो. आणि माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतावर भारतीय मानकाप्रमाणे जो वाढीव भार धरतात, तो चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. ट्रकभर लाल माती गच्चीवर चढवून वाफे बांधणारे लोक मी पाहिलेत. खालच्या मजल्यावरच्यांना ते दिसत नाही म्हणून बरं. मी माती जवळजवळ चढवतच नाही. मार्केट यार्डातून फळांचे जुने क्रेट आणायचे, आतून हिरवी जाळी लावायची, तळाला उसाचं चिपाड दाबून भरायचं. रसवंतीवाले ते आनंदाने फुकट देतात. वर वाळका पाला, त्यावर घरचं कंपोस्ट आणि सगळ्यात वर दोन मुठी माती. क्रेट विटांवर ठेवायचे, म्हणजे पाणी अडत नाही. ब्रिकबॅट कोब्यावर चायना मोझॅक घातलेल्या आपल्या गच्च्या पाण्याने तेवढ्या बिघडत नाहीत, पाणी तुंबलं की बिघडतात. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ओल आली आणि नोटीस आली ती बागेला. प्लंबरने शोधून काढलं, वरची टाकी रात्री ओव्हरफ्लो होत होती. नोटीस मागे घ्यायला मात्र पुढली वार्षिक सभा यावी लागली.

पाला हा पुण्याचा खरा ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये महोगनी एकदम झडते, वर्षावृक्षांचा बारीक पाला रस्त्याच्या कडेला साठतो. वर्षावृक्षाचा पाला लवकर कुजतो, महोगनीचा ठीक. आंब्याचा आणि देशी बदामाचा चिवट, तो चुरून घातला नाही तर वर्षभर तसाच हाती लागतो. पूर्वी हा पाला सकाळी झाडून कोपऱ्यावर पेटवून द्यायचे, आजही कुठे कुठे देतात. २०१६ साली पुण्यात ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्याकडे पाला आहे त्यांनी पोत्यात भरून ठेवावा आणि ज्यांना हवा त्यांनी न्यावा, इतकी साधी कल्पना. तेव्हापासून पाल्याची पोती मागताना मला लोक वेड्यात काढत नाहीत. पुढल्या वर्षी, २०१७ च्या उन्हाळ्यात, उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरभर कचरा साठला. त्या महिन्यात माझा फोन सतत वाजत होता. कुणाला भाजी नको होती, सगळ्यांना फक्त ओला कचरा जिरवायचा होता. गांडूळ खताला महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते, सौर ऊर्जेची किंवा पावसाचं पाणी साठवण्याची जोड असेल तर दहा. पण करासाठी सुरू केलेली टोपली टिकत नाही असं मी पाहिलंय. त्या टोपलीतलं कंपोस्ट घालून मायाळू आला की टिकते.

टोपलीचं तंत्र इतकं सोपं आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. एक वाटी ओला कचरा, वर दोन-तीन वाट्या चुरलेला पाला, आठवड्यातून दोनदा खालीवर. वास आला तर पाणी जास्त झालं, पाला घालायचा. सुरुवातीला थोडं आंबट ताक. बस्स. पण पहिल्या पावसात ठरलेला फोन येतो.

"ताई, अळ्या! अहो, वळवळतायत नुसत्या. सासूबाई म्हणतात, डबाच फेकून दे."

"कशा दिसतात? करड्या, चपट्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान?"

"हो, आणि खूप आहेत."

"झाकण लावा, दोन ओंजळी पाला घाला, आणि सासूबाईंना फोन द्या."

ही काळ्या सैनिक माशीची अळी. ही माशी आपल्या अन्नावर येऊन बसत नाही, मोठी झाल्यावर ती जवळजवळ काही खातच नाही. तिची अळी मात्र भाताची शितं, पपईच्या साली, उरलेली भाजी असं सगळं फस्त करते आणि घरमाशीला टोपलीत थारा देत नाही. औंधच्या एका सासूबाईंनी हे ऐकून घेतलं, मग गंभीरपणे विचारलं, "म्हणजे ह्या आपल्या कामाच्या आहेत तर?" पुढच्या भेटीत त्या टोपलीच्या झाकणावर कागद चिकटवलेला होता: ‘उघडू नये. काम चालू आहे.’

बाणेरकडच्या घरांत यादी वेगळी असते: बेसिल, रोजमेरी, थाईम, ओरेगानो. बेसिल पुण्यात माजतं. माजणारच, आपण फालुद्यात घालतो तो सब्जा याच जातीच्या झाडाचं बी. पुण्याची थंडी रोजमेरीला मानवते, पण जुलैत ती मुळांपाशी कुजते. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यायची आणि मिश्रणात अर्धी वाळू. ओरेगानोसाठी मी पानओवा देते. जाड, मखमली पानांचा, ज्याची आपण भजी करतो तो. तिथल्या एका मुलीने तो पिझ्झ्यावर घातला आणि तिच्या परदेशी मित्राला फरक कळला नाही म्हणे. आरओच्या नळीचं वाया जाणारं पाणीही ही मंडळी उत्साहाने झाडांना घालतात. अधूनमधून ठीक. रोज घातलं की क्रेटच्या कडेला पांढरी क्षारांची साय चढते आणि पानांच्या कडा करपतात.

आता सहकारनगरच्या आजींबद्दल लिहायलाच हवं, कारण या कामातलं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्यांच्या गच्चीवरचं आहे.

आजी लग्न होऊन आल्या त्या शनिवार पेठेत, नदीकडच्या बाजूच्या वाड्यात. वाड्याच्या मागे मोरीचं पाणी जायचं तिथे अळू, कर्दळ आणि केळ. त्या काळातल्या वाड्यावाड्यातून हेच त्रिकूट असायचं. सांडपाणी पिणारं आणि मागे घमघमाट न ठेवणारं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, वाड्याची मागची भिंत गेली, अळूही गेला. पूरग्रस्तांच्या सोसायट्या सहकारनगरला झाल्या, तिथे त्यांना छोटा प्लॉट मिळाला आणि बैठा बंगला झाला. मुलांनी त्यावर मजला चढवला तेव्हा परसातली जागा गाडीने घेतली आणि बाग गच्चीवर गेली. मला त्यांनी बोलावलं ते एका अटीवर. ऋषीपंचमीची भाजी पूर्णपणे घरची व्हायला पाहिजे.

ऋषीची भाजी म्हणजे बैलाच्या कष्टाचं काही नको, हाताने लावलेलं तेवढंच. अळूचे देठ, लाल माठाचे जाड देठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, काकडी, कणसाचे तुकडे, चिंच. आजींच्या घरी तिला फोडणी नाही, मसाला नाही. व्रतामागे जी विटाळाची कहाणी आहे ती मला पटत नाही, आणि आजींनीही ती वाचणं कधीच सोडलंय. पण अशी भाजी वर्षातून एकदा तरी खावी असं दोघींनाही वाटतं. भाद्रपदात मंडईत तिचे वाटे मिळतात. मी म्हटलं, "आजी, आता औत कुणाकडे आहे? सगळीकडे ट्रॅक्टर. मंडईतली चालेल की तुम्हाला."

"अगं, पण बैल नाही म्हणून चालेल, असं नाही ते. आपल्या हाताचं असायला हवं, असं आहे."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि तुझ्या त्या जीवामृतात शेण कुणाचं?"

"गायीचं."

"मग हरकत नाही. तिला कोण औताला जुंपतंय?"

एका दिवशी पानात पडायच्या दहा-बारा भाज्या एकाच वेळी तयार करणं सोपं नाही. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, भाद्रपदात तो पुरा होत नाही, म्हणून आदल्या वर्षीच्या पोत्यातला जपून ठेवायचा. भोपळा आणि पडवळाचं बी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आळी करून लावायचं. भेंडी जूनमध्ये. लाल माठ जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आधी लावला तर देठ चिवट होतात, नंतर लावला तर बोटाएवढे भरत नाहीत. मका एकट्यादुकट्याने लावला तर कणीस बोळकं निघतं. दाटीने लावायचा आणि तुरे हलवून पराग खालच्या केसांवर पाडायचे. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून टोकाला सुतळीने खडा बांधायचा, पण तो फार जड नको.

परागीभवनाचा विषय तिथेच नीट कळला. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथल्या एका वर्गात मी ऐकलं होतं की टोमॅटो-वांग्याचं फूल गदागदा हलवावं लागतं, ते काम साध्या मधमाशीला जमत नाही, भुंग्याला जमतं. टिचकी मारली तरी होतं. पण वेलभाज्यांचं वेळापत्रक आजींनी स्वतः बघून बसवलेलं होतं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहाच्या आत मिटायला लागतं. घोसाळ्याचं सकाळी. दोडका मात्र संध्याकाळचा, आणि पडवळाची पांढरी झालरीची फुलं तर अंधार पडल्यावर उमलतात.

सकाळी सात वाजता मी वर गेले की आजी आधीच तिथे असायच्या. लांब सडपातळ देठाचं नर फूल खुडायच्या, पिवळ्या पाकळ्या एकेक करून मागे सोलायच्या, मधला दांडा उघडा पडला की अंगठ्याने हळूच चाचपायच्या. बोटाला पिवळी पूड लागली तर फूल ताजं. मग ज्या फुलाखाली सुपारीएवढा भोपळा धरलेला असतो त्या मादी फुलात तो दांडा गोल फिरवायच्या, सगळ्या कप्प्यांना लागेल असा. वर केळीच्या सोपाची दोरी बांधून खूण. तीन-चार दिवसांत ती सुपारी पिवळी पडून गळली नाही तर भोपळा लागला. दोडक्यासाठी त्या संध्याकाळी पुन्हा वर यायच्या, गुडघे धरून, जिना मोजत. सून म्हणायची, "आई, ताई आल्यावर करा ना." आजी म्हणायच्या, "ती पंधरा दिवसांनी येते. फूल कुठे थांबतंय?"

सगळ्या भाज्या घरच्या झाल्या असं एकच वर्ष मला आठवतं. त्या वर्षी चिंच तेवढी शेजारच्यांच्या झाडाची होती. जेवताना अळू खाजरा निघाला म्हणून आजींनी सुनेला नाही, मला ऐकवलं. वडीचा काळ्या देठाचा आणि भाजीचा हिरव्या देठाचा एकाच क्रेटमध्ये लावलास ना?

आता तो बंगला पाडतायत. शेजारचे प्लॉट एकत्र करून अकरा मजली इमारत होणार आहे. बैठकीत बिल्डरच्या माणसाने रंगीत चित्रं दाखवली: गच्चीवर लॉन, कडेने फायकस, मधे बाक. आजींनी चष्मा काढून चित्र जवळून पाहिलं आणि विचारलं, "नळ कुठे आहे?" नळ नव्हता. मग तिथेच बसून आम्ही तिघींनी यादी केली. गच्चीवर स्वतंत्र नळ, पाणी जायच्या प्रत्येक वाटेवर काढता येणारी जाळी, दक्षिणेच्या कठड्यालगत क्रेटांचा ओला भार स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेबात धरलेला, आणि वेलांसाठी कठड्यात आधीच बसवलेल्या लोखंडी कड्या. पार्किंगच्या कलमाखाली ही कलमंही करारनाम्याच्या जोडपत्रात गेली. लॉन तेवढं राहिलं, ते काढायला बाकीचे सभासद तयार झाले नाहीत.

मधली दोन-तीन वर्षं आजी बिबवेवाडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतील. तिथे पूर्वेची बाल्कनी आहे, ऊन अकरापर्यंत. अळूचे कंद, पानओव्याच्या फांद्या आणि दोन क्रेट मी नेऊन ठेवले, बाकीचे माझ्याकडे आणले. माठ तिथे येईल, भेंडी थोडीफार. यंदा सुरण, पडवळ आणि भोपळा मंडईतूनच आणावा लागणार. बैलांचं काय करायचं ते मी बघते, म्हणाल्या.